टोला बसल्यावर विटीला पुढे कोण नेतं? (बलाविषयीच्या जुन्या कल्पना)

चिंचेखालची

नमस्कार मंडळी,
लेक यंदा नववीत गेली. विज्ञानाच्या पुस्तकाची सुरुवातच गतीच्या नियमांनी होते. परवा ती अंगणात आजोबांकडून विटीदांडू शिकत होती. एक टोला असा बसला की विटी थेट चिंचेपलीकडे. ती दांडूकडे बघत म्हणाली, "आई, दांडू तर माझ्या हातातच आहे. मग तिकडे विटीला कोण नेतंय?"
मी सांगितलं, जडत्व. ती म्हणाली, "म्हणजे कोण?"
मला पुढे काही सांगता आलं नाही. त्याच संध्याकाळी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात एक संदेश आला : न्यूटनचे तिन्ही नियम कणादऋषींनी आधीच सांगून ठेवले होते. खाली संस्कृतच्या तीन ओळी. आजोबा खूष. मला मात्र कुठेतरी खटकलं, पण काय खटकलं ते कळेना.
म्हणून दोन प्रश्न. न्यूटनच्या आधी लोक विटीबद्दल काय समजत होते? आणि तो संदेश खरा का?

खडूफळा

ताई, लेकीला माझ्याकडून शाबासकी द्या. "कोण?" हा या विषयातला सगळ्यांत जुना प्रश्न आहे. तीस वर्षं शिकवून मी निवृत्त झालो, पण तो विचारणारी मुलं मोजकीच भेटली.
अ‍ॅरिस्टॉटलपासून (इ.स.पू. ३८४ ते ३२२) सुरुवात करू. त्याने गतीचे दोन प्रकार मानले. एक स्वाभाविक : दगड खाली जातो, ज्वाळा वर जाते, कारण प्रत्येकाची आपापली जागा ठरलेली आहे. दुसरी लादलेली : गाडी ओढली तर चालते, ओढणं थांबलं की थांबते. बैलगाडीचं जू सोडून बघा, त्याचं म्हणणं लगेच पटतं.
अडचण आली ती फेकलेल्या वस्तूची. हात सुटला तरी दगड जातोच. त्याचं उत्तर असं की फेकणारा दगडाबरोबर हवेलाही हलवतो, हवेत पुढे ढकलण्याची ताकद येते, हवेचा एक थर ती पुढच्या थराला देतो आणि दगड जात राहतो. ताकद सरली की दगड पडतो. म्हणजे त्याला विचारलं असतं तर विटीला हवा नेतेय असं तो म्हणाला असता.

एकटाकी

वाचतोय. वाचनखूण साठवली.

दर्यावर्दी

अ‍ॅरिस्टॉटलचं नाव निघालं म्हणून लिहितो. त्याने 'फिजिक्स'मध्ये जहाज ओढणाऱ्यांचं उदाहरण दिलंय. शंभर माणसं मिळून जहाज काही अंतर ओढतात, म्हणून एकटा माणूस त्याच्या शंभराव्या हिश्शाइतकं ओढेल असं नाही. एकट्याने ते हलणारच नाही.
हे वाचलं तेव्हा मी उडालोच. आमच्याकडे मालवणच्या बाजूला पावसाळ्याआधी होड्या वर चढवतात. खाली ओंडके टाकायचे, दोराला पंधरा-वीस जण लागायचे आणि एका सुरात जोर करायचा. चौघंजण कितीही रेटा, होडी तसूभर सरकत नाही. सतराव्या-अठराव्या माणसाचा हात लागला की कुरकुर करत एकदम हलते, आणि एकदा हलली की तेवढ्याच जोरात सुरसुर वर येते. शाळेत याला स्थितिक घर्षण म्हणतात. त्या माणसाने किनाऱ्यावर उभं राहून हे बघितलं असणार, माझी खात्री आहे. त्याला नुसता चुकलेला म्हणून सोडून देऊ नका.

ऊसकरी

दर्यावर्दीदादांशी सहमत. जड वस्तू हलकीपेक्षा लवकर पडते, हे त्याचं म्हणणं सगळे हसण्यावारी नेतात. गुऱ्हाळात काकवीच्या डब्यात एक मोठा आणि एक बारीक खडा टाकून बघा. मोठा सरसर तळाशी जातो, बारीक कितीतरी वेळ मध्येच. दाट पदार्थात वेग लगेच स्थिर होतो आणि जड ते पुढे राहतं. तो रिकाम्या जागेबद्दल बोलतच नव्हता, कारण रिकामी जागा असते हेच त्याला मान्य नव्हतं.

भोवरा

पण हवेचं उत्तर त्याच्या चाहत्यांनाही पचलं नव्हतं. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियात फिलोपोनस नावाचा भाष्यकार होता. तो म्हणाला, हवाच ढकलत असेल तर बाण धनुष्याला लावायचा कशाला? काठीच्या टोकावर बाण ठेवा आणि मागून यंत्रांनी हवा घाला, तो हातभरही जाणार नाही. त्याचं म्हणणं, फेकणारा वस्तूच्या आत एक ताकद ठेवून देतो. वजनांबद्दलही त्याने लिहिलंय : एकापेक्षा दुसरं कितीतरी जड असलं तरी एकाच उंचीवरून सोडल्यावर वेळेत फरक अगदी थोडा पडतो. गॅलिलिओच्या हजार वर्षं आधी!
पुढे इब्न सिना या तत्त्वज्ञाने या ठेवून दिलेल्या ताकदीला 'मैल' म्हटलं, म्हणजे कल किंवा ओढ. अडथळाच नसेल तर ती आपोआप संपणार नाही, असं त्याचं मत होतं.
आणि चौदाव्या शतकात पॅरिसला बुरिदान नावाचा पंडित. याच्यावर माझा फार जीव आहे, कारण त्याने पुरावा म्हणून भोवरा दिला. (माझं नाव त्यावरून नाही, पण आनंद झाला.) भोवरा जागचा हलत नाही. मागे जागा मोकळी होत नाही की तिथे हवा धावत येईल, तरी फिरतोच. लोहाराचं सहाणेचं चाकही हात काढल्यावर फिरत राहतं, त्याच्याभोवती कापड धरून हवा अडवली तरी. तिसरा दाखला नावेचा : प्रवाहाविरुद्ध ओढत आणलेली नाव दोर सोडल्यावरही पुढे जाते, आणि डेकवर उभ्या माणसाला वारा लागतो तो समोरून, मागून नाही. हवा ढकलत असती तर पाठीला लागायला हवी होती.
बुरिदान या आतल्या ताकदीला 'इम्पीटस' म्हणतो. वस्तूत द्रव्य जितकं जास्त आणि वेग जितका जास्त, तितकी ती जास्त. म्हणून पिसापेक्षा दगड लांब जातो.

ओवी

भोवरा, तुमचं सहाणेचं चाक वाचून आजीचं जातं आठवलं. पहाटे दळताना ती मधेच दाणे टाकायला खुंटा सोडायची. वरची तळी आपली अर्धा-पाऊण वेढा घेऊन मग घरघरत थांबायची. मी लहानपणी त्या वेळात खुंट्यावर बोट ठेवून बघायची, तो बोट घेऊन पुढे जायचा. आत कोणीतरी आहे असंच वाटायचं. तुमच्या पॅरिसच्या गुरुजींना आजीकडे पाठवायला हवं होतं, दळणही झालं असतं.

शब्दवेल्हाळ

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. संस्कृत हा माझा रोजचा विषय, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.
संदेशातल्या त्या तीन ओळी कणादांच्या नाहीतच. कणादांच्या वैशेषिकसूत्रांवर (त्यांच्या परंपरेतले विचारवंत ते वैशेषिक) आधारलेला प्रशस्तपादांचा 'पदार्थधर्मसंग्रह' हा वेगळा ग्रंथ आहे. त्यातलं एकच वाक्य तोडून तीन 'नियम' केले आहेत. मूळ साधारण असं : वेग हा पाच मूर्त द्रव्यांमध्ये, विशिष्ट निमित्ताची अपेक्षा असलेल्या कर्मापासून उत्पन्न होतो, तो ठरलेल्या दिशेने क्रियेची मालिका चालू ठेवण्याचं कारण आहे, आणि स्पर्श असलेल्या द्रव्याशी होणारा विशिष्ट संयोग त्याचा विरोधी आहे.
शेवटचा तुकडा म्हणे न्यूटनचा तिसरा नियम! 'विरोधी' या एका शब्दावरून 'प्रत्येक क्रियेला समान आणि विरुद्ध प्रतिक्रिया' काढलंय. तिथे सांगितलंय ते एवढंच की वस्तू एखाद्या घट्ट वस्तूवर आदळली की तिच्यातला वेग नाहीसा होतो. 'स्पर्शवद्द्रव्य' हा शब्द तर संदेशात गाळलाच आहे, कारण तो ठेवला की अर्थ उघडा पडतो.
दुसरी फसगत 'वेग' या शब्दाची. आपण तो अमुक सेकंदांत अमुक मीटर अशा अर्थाने वाचतो. प्रशस्तपादांचा वेग हा 'संस्कार' नावाच्या गुणाचा एक प्रकार आहे, वस्तूत शिल्लक राहिलेला ठसा. 'गुरुत्व'ही तसंच. वैशेषिकांचं गुरुत्व म्हणजे पृथ्वीची ओढ नव्हे, वस्तूचा स्वतःचा जडपणा, जो डोळ्यांना दिसत नाही, पडण्यावरून ओळखायचा.
हे सगळं बाजूला ठेवून कणादांची खरी सूत्रं वाचा, मला तीच जास्त सुंदर वाटतात. पाचव्या अध्यायात बाणाबद्दल आहे : 'नोदनादाद्यमिषोः कर्म, तत्कर्मकारिताच्च संस्कारादुत्तरम्, तथोत्तरमुत्तरं च'. बाणाची पहिली हालचाल ढकलण्यातून, त्या हालचालीने संस्कार निर्माण होतो, त्यातून पुढची हालचाल, तशीच त्यापुढची. लगेच पुढचं सूत्र : 'संस्काराभावे गुरुत्वात् पतनम्'. संस्कार संपला की जडपणामुळे पडणं. हवेचं नाव नाही! अ‍ॅरिस्टॉटलने बाहेर शोधलेलं कारण इथे पहिल्यापासून बाणाच्या आत आहे.

बाणेदार

शब्दवेल्हाळताई, तुमच्या अभ्यासाचा आदर ठेवून विचारतो. बुरिदान म्हणाला की आपण वाहवा करतो, आणि आपल्या ऋषींनी काही म्हटलं की शब्द मोजत बसतो. ओळी प्रशस्तपादांच्या असल्या म्हणून काय झालं? माणूस आपलाच ना? पोरांना जरा अभिमान वाटला तर काय बिघडलं?

शब्दवेल्हाळ

बाणेदारदादा, अभिमान मलाही वाटतो, आणि म्हणूनच ती ओळ तोडलेली पाहून जीव तुटतो. प्रशस्तपादांनी एक एक शब्द पारखून वाक्य बांधलं होतं. त्यातला एक शब्द गाळून आणि दुसऱ्याचा अर्थ फिरवून आपण त्यांच्या तोंडी न्यूटन घालतो, तेव्हा त्यांचं स्वतःचं म्हणणं पुसलं जातं. संस्कार एकच असतो आणि बाण पडेपर्यंत टिकतो, की क्षणोक्षणी नवा जन्मतो, यावर आपल्याकडे वाद झालेत. ते वाद मुलांना सांगा ना. विचार करणारी माणसं होती हे त्यातूनच कळतं.
बुरिदानलाही मी हीच फूटपट्टी लावते. तोही न्यूटन नव्हता.

बाणेदार

हे पटलं. गाळलेल्या शब्दाचं माहीत नव्हतं. गटावर मीही तो संदेश पुढे पाठवला होता, आज मूळ वाक्य टाकतो.

माजघर

कणादांचं उखळ-मुसळाचं सूत्र कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. त्याच पाचव्या अध्यायाच्या सुरुवातीला आहे. आत्म्याचा संयोग आणि प्रयत्न यांमुळे हात हलतो, हाताच्या संयोगाने मुसळ हलतं. इथवर सरळ आहे. पण मुसळ उखळात आपटून वर उसळतं, तेव्हा त्या उसळण्याचं कारण हाताचा संयोग नाही, आघात आहे. आणि त्या वेळी हात वर जातो तोही आपल्या प्रयत्नाने नाही, मुसळासोबत जातो.
मी पोह्यांचं कांडप केलेली बाई आहे. नव्या मुलीला आधी हेच शिकवावं लागतं की मुसळ वर उचलू नको, ते आपणहून येतंय तेवढं येऊ दे, हात सैल सोड, वरच्या टोकाला फक्त साथ दे. जी प्रत्येक वेळी ओढून उचलते तिचे खांदे तासाभरात भरून येतात. हे ज्याने सूत्रात बसवलं त्याने कांडणाऱ्या बाईचा हात जवळून बघितला होता.

खडूफळा

माजघरताई, वर्गात असतो तर हा प्रतिसाद फळ्यावर लिहून ठेवला असता.

गिरणाकाठ

गुरुत्वाचा विषय निघाला आहे तर भास्कराचार्यांना विसरू नका. 'सिद्धान्तशिरोमणी'च्या गोलाध्यायात (ग्रंथ ११५० चा) स्पष्ट आहे : 'आकृष्टिशक्तिश्च मही'. पृथ्वीत ओढून घेण्याची शक्ती आहे, ती आकाशातल्या जड वस्तूला आपल्याकडे ओढते आणि ती वस्तू पडल्यासारखी वाटते. आणि मग विचारतात, आकाश सगळीकडे सारखंच असताना ही पृथ्वी स्वतः पडेल कुठे?
आमच्या चाळीसगावाजवळ पाटणला त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे, शके ११२८ चा. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद त्यात आहे. बराचसा संस्कृत, शेवटचा भाग जुन्या मराठीत. ग्रंथ शिकवायला मठ, आणि त्याच्या खर्चासाठी बाजारातल्या मालावरचा कर लावून दिलेला! मी पहिल्यांदा वाचला तेव्हा अंगावर काटा आला.

भोवरा

गिरणाकाठ, फार छान. वैशेषिकांचा जडपणा वस्तूत बसलेला आणि भास्कराचार्यांची ओढ पृथ्वीत. ही दोन वेगळी उत्तरं आहेत, एकाच 'भारतीय' टोपलीत टाकायची नाहीत. भास्कराचार्य ओढ किती आणि अंतराने ती कशी कमी होते ते मांडत नाहीत, चंद्रालाही ती लावत नाहीत. पण "पृथ्वी पडेल कुठे" हा प्रश्न लाखमोलाचा.

गावगाडा

अवांतर : भास्कराचार्यांच्या यंत्राध्यायात आऱ्यांमध्ये पारा भरलेलं, आपणहून फिरत राहणारं चाकही आहे ना? ते जमलं असतं तर आमच्या विहिरीवरच्या मोटरचं बिल वाचलं असतं.

गिरणाकाठ

आहे. ब्रह्मगुप्तांच्या ग्रंथातही (६२८) तसंच चाक आहे. चालत नाही हो, बिल भरा :)

रोखठोक

सगळं रंजक आहे, पण मूळ प्रश्न राहिला. या सगळ्या कल्पना शेवटी चूक ठरल्या. नववीच्या मुलीला बरोबर ते शिकवावं, चुकांचा इतिहास कशाला?

खडूफळा

रोखठोक, तुम्हाला वर्गातलं सांगतो. दरवर्षी मी खिशातून एक रुपया काढून वर उडवायचो आणि विचारायचो, नाणं हातातून सुटलंय, वर चाललंय, त्यावर कोणती बलं आहेत, बाण काढून दाखवा. न्यूटनचे नियम तोंडपाठ असलेली मुलं. चाळीसपैकी तीस-पस्तीस वह्यांत एक बाण वरच्या दिशेला असायचाच. "सर, हाताचा जोर अजून आहे ना त्यात. तो संपला की खाली येईल." 'संस्काराभावे गुरुत्वात् पतनम्'! मुलांनी कणाद वाचला नव्हता की बुरिदान. ही कल्पना आपल्या प्रत्येकाच्या हातापायांत असते. तिला नाव दिल्याशिवाय ती जात नाही. "तू चूक आहेस" म्हटलं की मूल वही झाकतं. "पॅरिसचे पंडित आणि आपले वैशेषिक हेच म्हणत होते, आता बघू त्यात कुठे अडतं" म्हटलं की तेच मूल पुढच्या बाकावर येऊन बसतं.
हात सुटल्यावर नाण्यावर उरतं फक्त गुरुत्वाचं बल, खाली. हवेचा किरकोळ अडथळा सोडा. वरचा बाण नाहीच.
आणि ताई, हेच तुमच्या लेकीच्या "कोण?"चं उत्तर. कोणीच नाही. सरळ रेषेत एकसारखं जात राहायला कारण लागत नाही. कारण लागतं ते वेग वाढायला, कमी व्हायला किंवा दिशा वळायला. 'जडत्व' हे विटीला नेणाऱ्याचं नाव नव्हे. मुलं ते नेणाऱ्याचं नाव समजतात, म्हणून अडकतात.
इथे यायला गॅलिलिओला घसरगुंडी लागली. बारा हात लांब फळीला खाच, आत गुळगुळीत चर्मपत्र, कांस्याची गोळी, आणि वेळ मोजायला भांड्यातून पडणाऱ्या पाण्याचं वजन. त्याचा युक्तिवाद असा : उतारावर गोळी वेग घेते, चढावर गमावते, मग अगदी सपाटीवर? घेण्याचं कारण नाही, गमावण्याचंही नाही. तरुणपणी तो स्वतः फेकणाऱ्याने ठेवलेल्या ताकदीवरच विश्वास ठेवत होता, हे विसरू नका. सरळ रेषेचा आग्रह फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४४ मध्ये धरला. आणि १६८७ च्या न्यूटनच्या ग्रंथात नियम आले तरी, वस्तूच्या या अंगभूत गुणाला त्याने व्याख्येत 'बल'च म्हटलंय. त्यालाही जुना शब्द सोडवला नाही. मग नववीतली मुलगी अडखळली तर नवल नाही.

रोखठोक

माझाही बाण वरच होता, सर. इंजिनीअर होऊन वीस वर्षं झाली. आत्ता कागदावर काढून बघितला.

सातासमुद्रा

मी इकडे परदेशात मुलांना विज्ञान शिकवते. १९८० च्या दशकात मायकेल मॅक्लॉस्की यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना गोल वळवलेल्या नळीचं चित्र दाखवून विचारलं होतं, आतून सोडलेली गोळी बाहेर आल्यावर कशी जाईल? बऱ्याच जणांनी वळत जाणारी रेघ काढली. गोळीने वळण आत साठवून घेतलंय, अशी समजूत.
चिंचेखालची, घरी करायला सोपं आहे. ताट पालथं घाला, त्यावर रुंद बांगडी ठेवा, आत गोटी गरगरवा आणि बांगडी पटकन उचला. आधी घरातल्या प्रत्येकाकडून कागदावर रेघ काढून घ्या. हे विसरू नका, रेघ आधीच काढलेली हवी.

चिंचेखालची

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर केलं. बांगडी सासूबाईंची, जुनी, जाड काठाची. चौघांनी रेघा काढल्या. लेकीची वळती, माझी वळती, ह्यांची वळती. आजोबांनी मात्र सरळ काढली. म्हणाले, "गोफणीचा दगड सुटल्यावर सरळच जातो. राखणीला पाखरं हाकलत बालपण गेलंय माझं."
बांगडी उचलली. गोटी सरळ जाऊन फ्रिजखाली गेली.
लेकीने पाच वेळा करायला लावलं. मग आजोबांजवळ बसून तिने शब्दवेल्हाळताईंचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, ते सूत्र दोनदा. आजोबांनी संस्कार शब्दाशी थांबवलं आणि म्हणाले, "मग माझी गोफण कणादाच्या बाजूची की न्यूटनच्या?" त्यावरून दोघांचं साडेदहापर्यंत चाललं होतं. आज शाळेत ती एक रुपयाचं नाणं घेऊन गेली आहे.

दर्यावर्दी

नाण्याचं काय झालं ते संध्याकाळी कळवा. आणि फ्रिजखालची गोटी काढलीत का?